सही करण्याआधी

कंपनीच्या करारावर सही आत्ताच करू नकोस. बाकीचं सगळं सावकाश सांगते, पण एवढं आधी ऐक.

काल फोनवर तू इतकी खुशीत होतीस की मध्ये बोलायचं जिवावर आलं. एक्स-रे वाचून फ्रॅक्चर दाखवणारं एआय सॉफ्टवेअर. कंपनीवाल्यांनी डेमो दिला, ट्रस्टी बघतच राहिले. तुमच्या चंद्रपूरला रेडिओलॉजिस्ट आठवड्यातून दोनदा नागपूरहून येतात, रात्री कॅज्युअल्टीत एकटा रेसिडेंट असतो, म्हणजे गरजही खोटी नाही. आणि वर, ‘मॅडम, तुम्हीच प्रिन्सिपल इन्व्हेस्टिगेटर व्हा, छान पेपर होईल.’ नव्या कन्सल्टंटला याहून गोड काय वाटणार गं! मी काही हाडांची डॉक्टर नाही. पोरांना फार्माकॉलॉजी शिकवते आणि एथिक्स कमिटीत लोकांचे प्रोटोकॉल वाचत बसते. पण हल्ली या एआयवाल्यांचे प्रोटोकॉल आमच्याकडे सारखे येतात, आणि त्यात काय लिहिलेलं असतं त्यापेक्षा काय लिहिलेलं नसतं हे बघायची मला सवय लागली आहे. मोडता घालायला हे सांगत नाहीये. तू हे काम करावंस असंच मला वाटतं. फक्त कंपनीने आखून दिलंय तसं नाही.

पहिलं म्हणजे ते ‘एफडीए अप्रूव्ड आहे’ हे वाक्य. अमेरिकेतल्या एफडीएची मंजुरी म्हणतायत ना? मग विचार, कशासाठीची मंजुरी? तुझ्याच विषयातलं उदाहरण घे. ऑस्टिओडिटेक्ट नावाचं सॉफ्टवेअर, इमॅजेन कंपनीचं. मे २०१८ मध्ये त्याला अमेरिकेत वाट मोकळी झाली. ते काय करतं? प्रौढ माणसाच्या मनगटाच्या एक्स-रेवर, डिस्टल रेडियसच्या फ्रॅक्चरच्या जागी खूण करतं. बास. लहान मूल नाही, कोपर नाही, खुबा नाही. आणि डॉक्टरने स्वतः बघायचं ते बघायचंच, हे फक्त सोबतीला, असं मंजुरीतच आहे. कंपनीने पुरावा म्हणून दोन अभ्यास दिले होते. एकात १,००० एक्स-रेंवर सॉफ्टवेअर एकट्याने कसं चालतं ते पाहिलं. दुसऱ्यात २४ डॉक्टरांनी २०० रुग्णांच्या फिल्म्स वाचल्या, सॉफ्टवेअरसह आणि त्याच्याशिवाय. दोन्ही अभ्यास जुन्या, आधी काढून ठेवलेल्या फिल्म्सवर. म्हणजे कॅज्युअल्टीत आलेल्या जिवंत पेशंटचं त्याने काही भलं झालं का, हा प्रश्न तिथे विचारलाच गेला नव्हता. मी त्यांना दोष देत नाही. त्या टप्प्यावर तेवढंच मागितलं होतं, तेवढं त्यांनी दिलं. पण ब्रोशरवर ‘एफडीए’ ही तीन अक्षरं छापली की वाचणाऱ्याला वाटतं, सगळं तपासून झालं.

तेव्हा कंपनीकडून ब्रोशर नको, ‘इंटेंडेड यूज’चं पान माग. कोणतं हाड, कोणत्या वयाचा माणूस, कोणत्या यंत्रावर काढलेली फिल्म, वापरणारा कोण. तुमच्याकडे झाडावरून पडलेली पोरं येतात, सुप्राकॉन्डायलरची सुजलेली कोपरं येतात. ते पान जर प्रौढांपुरतं असेल तर तुझ्या निम्म्या कॅज्युअल्टीला ते लागूच नाही. लहान मुलाच्या एक्स-रेत ग्रोथ प्लेटची रेघ आणि फ्रॅक्चरची रेघ यांत इंटर्नसुद्धा फसतो, हे मी तुला काय सांगणार.

आता ही मंजुरी मिळते कशी ते बघ, कारण खरी मेख तिथे आहे. ऑस्टिओडिटेक्टसारखं आधी काहीच नव्हतं, म्हणून त्याला ‘डी नोव्हो’ नावाच्या वाटेने जावं लागलं. पण एकदा एकाने वाट पाडली की मागच्यांना ‘आम्ही त्याच्यासारखेच’ म्हणायची सोय होते. या सोयीच्या वाटेला ५१०-के म्हणतात. १९७६ च्या अमेरिकी कायद्यातून ती निघाली. बाजारात आधीच असलेल्या एखाद्या उपकरणाशी आपलं उपकरण ‘मूलतः समतुल्य’ आहे एवढं दाखवायचं. बहुतेक वेळा माणसांवर नवी चाचणी करावी लागत नाही. अमेरिकेच्या यादीत आज एआयची हजाराहून जास्त उपकरणं आहेत, त्यांतली बहुतेक याच वाटेने आलेली. मुलाला न बघता, ‘त्याचे मामा फार चांगले आहेत हो’ एवढ्यावर स्थळाला होकार द्यावा, तसा हा प्रकार. मामा चांगले असतीलही. संसार मामांशी करायचा नसतो.

आणि ही माझी खुसपटं काढायची सवय आहे असं समजू नकोस. तुमच्या ऑर्थोनेच याची किंमत मोजली आहे. डेप्यू कंपनीचा एएसआर नावाचा कृत्रिम खुबा आठवतो का? तू तेव्हा शाळेत असशील. धातूच्या वाटीत धातूचाच गोळा. अमेरिकेत तो ५१०-केच्या वाटेने आला, आधी माणसांवर चाचणी न होता. पुढे २०१३ मध्ये न्यू इंग्लंड जर्नलमध्ये तिघांनी त्याची वंशावळ लावली. ‘हा त्याच्यासारखा, तो त्याच्यासारखा’ असं करत ती पाच दशकांहून मागे गेली, वाटेत ९५ उपकरणं लागली. प्रत्येक पायरीवर थोडासा बदल. शेवटी जे पेशंटच्या खुब्यात बसलं ते पहिल्या पूर्वजाच्या ओळखीचं राहिलं नव्हतं, आणि वाटेतल्या काही पूर्वजांना तर बाजारातून काढूनही टाकलं होतं. घर्षणाने कोबाल्ट आणि क्रोमियमचे कण रक्तात जायचे, भोवतालचं मांस सडायचं, खुबा पुन्हा उघडावा लागायचा. हे उघडकीला कुणी आणलं? मंजुरी देणाऱ्यांनी नाही. ऑस्ट्रेलियात बसवलेल्या प्रत्येक सांध्याची नोंद ठेवतात, त्या नोंदवहीत आकडे बोलू लागले. तिथून तो २००९ मध्ये मागे घेतला, जगभरातून ऑगस्ट २०१० मध्ये. इंग्लंडच्या नोंदवहीत पाच वर्षांत साधारण आठातल्या एका रुग्णाला फेरशस्त्रक्रिया लागल्याचं दिसलं. भारतात असे सुमारे ४,७०० सांधे बसवले गेले होते. मुंबईत आपल्या राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने पोलिसांत तक्रार केली; केंद्राने तज्ज्ञ समिती मात्र २०१७ मध्ये नेमली आणि भरपाईचं सूत्र २०१८ च्या अखेरीस ठरलं, ३० लाखांपासून १ कोटी २३ लाखांपर्यंत. मधल्या काळात किती पेशंटचा पत्ताच लागेना. पत्ता लागणार कसा, नोंदवहीच नव्हती. सक्तीची राष्ट्रीय नोंदवही आपल्याकडे अजूनही नाही.

तू म्हणशील, ताई, खुबा शरीरात राहतो, हे तर नुसतं सॉफ्टवेअर. खरं आहे. पण खुबा निदान बसवल्यावर बदलत नाही. सॉफ्टवेअर बदलतं. चाचणी एका आवृत्तीवर होते आणि तुमच्याकडे बसते तिच्यापुढची, मग एका रात्री अपडेट येतो आणि सकाळी तेच बटण वेगळं उत्तर देतं. अमेरिकेने यावर डिसेंबर २०२४ मध्ये अंतिम मार्गदर्शन काढलं: काय बदलणार, कसं तपासणार, हे कंपनीने आधीच लिहून मंजूर करून घ्यायचं, म्हणजे त्या चौकटीतल्या बदलासाठी दर वेळी नवा अर्ज नको. कल्पना चांगली आहे. पण अपडेट झाल्याचं तुला कोण कळवणार, हे करारात लिहिलेलं असलं पाहिजे. प्रोटोकॉलमध्ये आवृत्तीचा क्रमांक नसेल तर आमची कमिटी तो परत पाठवते. तुमचीही पाठवो.

आपल्याकडचं कागदपत्र सोपं आहे, त्यावर फार वेळ घालवत नाही. मेडिकल डिव्हाइसेस रूल्स २०१७ चे, १ जानेवारी २०१८ पासून लागू. फेब्रुवारी २०२० च्या अधिसूचनेने सॉफ्टवेअरसुद्धा उपकरणांत आलं. जोखमीप्रमाणे अ, ब, क, ड असे चार वर्ग. अ (निर्जंतुक किंवा मोजमापाची नसलेली उपकरणं सोडून) आणि बला ऑक्टोबर २०२२ पासून, क आणि डला ऑक्टोबर २०२३ पासून परवाना सक्तीचा. बाहेरून आणलेलं असेल तर परवाना सीडीएससीओचा, म्हणजे दिल्लीतल्या केंद्रीय नियामकाचा. तेव्हा परवान्याची प्रत माग, वर्ग कोणता ते बघ, आणि परवान्यावरचं नाव नि डेमोतलं नाव एकच आहे ना ते बघ. ‘प्रोसेसमध्ये आहे मॅडम’ असं उत्तर आलं तर चहा पाज आणि निरोप दे.

पण एक नियम नीट समजून घे, कारण त्यात तू अडकू शकतेस. परवाना असलेल्या उपकरणावर डॉक्टरने स्वतःच्या अभ्यासासाठी, एथिक्स कमिटीच्या मंजुरीने काही करायचं असेल तर केंद्राची वेगळी परवानगी लागत नाही. अट एवढीच की त्यातली माहिती परवाना मिळवण्यासाठी वापरायची नाही. आता कंपनीने तुला पाठवलेल्या त्या मेलमधलं दुसरं वाक्य परत वाच. ‘नियामक कामासाठी वापरता येईल असा डेटा.’ म्हणजे तो तुझा अकॅडेमिक अभ्यास राहिला नाही, ती त्यांची क्लिनिकल इन्व्हेस्टिगेशन झाली. तिला केंद्राची परवानगी लागते, इजा झाल्यास उपचार आणि भरपाईची जबाबदारी प्रायोजकावर येते, पायलट की पिव्होटल ते ठरवावं लागतं. तुझ्या नावावर ‘छोटासा अभ्यास’ करून घेतला की त्यांचं हे सगळं वाचतं. ते लबाड आहेत असं नाही म्हणत. पण फायदा कुणाचा आणि मान कुणाची, हे तू बघायला हवंस.

आता मुद्द्याचं. हाडं कुणाची?

न्यूयॉर्कच्या माउंट सायनायमधल्या लोकांनी २०१९ मध्ये एक फार सुंदर काम छापलं. खुब्याचं फ्रॅक्चर ओळखणारं एआय. आकडे उत्तम. मग त्यांनीच खोदलं, हे ओळखतंय कशावरून? निघालं असं की कोणत्या स्कॅनरवर फिल्म काढली, कोणत्या तऱ्हेने तपासणी लिहून दिली, असल्या गोष्टींचा माग ते फिल्मवरूनच काढत होतं. ज्याचं हाड मोडलंय त्याचा एक्स-रे वेगळ्या यंत्रावर, घाईत निघतो. यंत्राला तेवढा सुगावा पुरला. हे सगळे घटक दोन्ही गटांत सारखे करून पुन्हा तपासलं तर त्याचं यश नाणेफेकीवर आलं. हाड बघतच नव्हतं फारसं! हे संशोधकांनी स्वतःहून शोधलं आणि छापलं, म्हणून मला त्यांचं कौतुक वाटतं. तुमच्याकडे पोर्टेबल यंत्र आहे, जुनी सीआर कॅसेट आहे, प्लास्टरचा स्लॅब न काढता घेतलेल्या फिल्म्स आहेत, आणि रात्री मॉनिटरचा फोटो काढून व्हॉट्सॲपवर पाठवायची पद्धत आहे. या सगळ्यावर ते काय करतं, हे तुमच्याशिवाय कोण सांगणार?

दुसरं काम ॲडलेडचं, २०२२ मध्ये लॅन्सेट डिजिटल हेल्थमध्ये आलेलं. तेही मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाचं फ्रॅक्चर. त्यांचं एआय रेडिओलॉजिस्टांच्याही पुढे गेलं. तरीही त्यांनी त्याचं ऑडिट केलं, हिशेबनिसासारखं, चुका एकेक उचलून. दोन गोष्टी सापडल्या. एक, दुसऱ्या देशातल्या फिल्म्सवर नेलं तेव्हा ‘फ्रॅक्चर आहे’ म्हणायची रेषाच सरकली. म्हणजे ठरवलेला उंबरठा तिथे चालेना. आणि दोन, हाड मुळातच वेगळं असलं, पॅजेट्ससारखा आजार असला, की चुका वाढत.

पॅजेट्स आपल्याकडे क्वचित. पण तुमच्याकडे काय कमी आहे का? चंद्रपूर-यवतमाळच्या पाण्यातल्या फ्लोराइडने पांढरीफेक झालेली हाडं तू रोज बघतेस. सिकलसेलने झिजलेला खुबा बघतेस, गडचिरोलीकडून येणाऱ्या पोरांमध्ये तर नेहमी. मणक्याचा, सांध्याचा टीबी बघतेस. उन्हातान्हात राबूनही ड जीवनसत्त्व कमी असलेल्या बायांची ती मऊ हाडं, त्यांत लूझर्स झोनची रेघ. कंपनीला सरळ विचार, शिकवणीच्या फिल्म्समध्ये यातलं काय होतं? भारतातल्या होत्या का? असल्या तर मुंबई-बंगळुरूच्या कॉर्पोरेट हॉस्पिटलातल्या, की जिल्ह्याच्या गावातल्या? उत्तर ‘डायव्हर्स डेटासेट’ असं आलं तर ते उत्तर नाही.

आता प्रोटोकॉल. त्यांनी तयार करून पाठवलेला तू मला फॉरवर्ड केलास तो मी वाचला. त्यात मला सगळ्यांत खटकली ती एक ओळ: ‘रेडिओलॉजिस्टच्या वाचनाशी तुलना.’ अगं, स्कॅफॉइडचं काय? पडल्या दिवशीच्या फिल्मवर ते कित्येकदा दिसतच नाही, म्हणून तर तुम्ही स्लॅब घालून दहा-चौदा दिवसांनी परत फिल्म काढता. त्या दिवशी रेडिओलॉजिस्टला दिसलं नाही, यंत्रालाही दिसलं नाही, तर या प्रोटोकॉलप्रमाणे दोघंही बरोबर! आणि यंत्राला खरंच दिसलं असेल तर ते चूक. खरं उत्तर म्हणून नंतरची फिल्म हवी, सीटी किंवा एमआरआय हवा, निदान दोन जणांनी एकमेकांचं न बघता केलेलं वाचन हवं आणि मतभेद मोडायला तिसरा. खर्च वाढेल. वाढू दे, प्रायोजक कशाला असतो?

कंपनी सांगते त्या ‘९० टक्के अचूक’ या आकड्याचंही तसंच. समज, मोडलेलं ओळखायची सेन्सिटिव्हिटी ९०, धड ते धड म्हणायची स्पेसिफिसिटी ९०. त्यांच्या अभ्यासात शंभरातल्या पन्नास फिल्म्स मोडलेल्या होत्या, तर ४५ फ्रॅक्चर सापडतील आणि ५ उगाच खुणा. छान. तुझ्या ओपीडीत शंभरात दहाच मोडलेले असले तर? ९ सापडतील, आणि धड असलेल्या ९० मध्ये ९ उगाच खुणा. म्हणजे खूण दिसली की निम्म्या वेळा खोटी. सॉफ्टवेअर तेच, आकडे तेच, गाव बदललं. रात्री दोन वाजता त्या नऊ खोट्या खुणांसाठी नऊ स्लॅब पडतील, नाहीतर तिसऱ्या दिवसापासून रेसिडेंट खुणेकडे बघणंच सोडेल. दोन्ही वाईट.

तिसरीही एक शक्यता आहे, आणि मला तीच जास्त छळते. माणूस यंत्राचं ऐकायला लागतो. कोलोनमध्ये रेडिओलॉजिस्टांवर केलेला एक अभ्यास २०२३ मध्ये आला. हाडांचा नव्हे, मॅमोग्रामचा, पण डोळे माणसाचेच. त्यांना मुद्दाम काही ठिकाणी चुकीचा एआय सल्ला दाखवला. नवख्यांचं बरोबर येण्याचं प्रमाण ऐंशी टक्क्यांच्या आसपासहून वीसवर घसरलं. मुरलेल्यांचंही ब्याऐंशीवरून पंचेचाळीसवर आलं. तुझा रात्रीचा रेसिडेंट कोणत्या गटातला? उलट बाजूही सांगायला हवी. मनगटाच्या फ्रॅक्चरवरच्या २०१८ च्या अभ्यासात एआयच्या मदतीने इमर्जन्सीच्या डॉक्टरांची सेन्सिटिव्हिटी ८१ च्या आसपासहून ९१ च्या वर गेली होती. तो अभ्यास इमॅजेनच्याच लोकांचा होता, हे ध्यानात ठेव. पण आकडा खोटा म्हणायला माझ्याकडे कारण नाही. मदत होते. कुणाला, केव्हा आणि यंत्र चुकतं तेव्हा काय होतं, हेच तर शोधायचंय.

म्हणून माझं म्हणणं असं. पहिले काही महिने ते सॉफ्टवेअर मुक्याने चालव. फिल्म त्याच्याकडे जाईल, उत्तर साठवलं जाईल, पण कॅज्युअल्टीत कुणाला दिसणार नाही. पेशंटची काळजी आज चालते तशीच चालेल. मग नंतरच्या फिल्म्स आणि सीटी हाताशी आले की ताडून बघ. एकूण टक्केवारीवर समाधान मानू नकोस. मुलं वेगळी, म्हातारी वेगळी, फ्लोरोसिस वेगळं, सिकलसेल वेगळं, पोर्टेबल फिल्म्स वेगळ्या काढ. चुकलेली प्रत्येक फिल्म स्वतः बघ. गंमत वाटेल, पण मला विचारशील तर तुझा खरा पेपर हाच आहे. ‘विदर्भातल्या हाडांवर अमुक सॉफ्टवेअर कुठे चुकतं’ हे वाचायला मी पैसे देईन. आधी आकडे धड निघाले तरच दुसरा टप्पा, उत्तर दाखवून. त्यात काही रात्री एआयसह, काही त्याच्याशिवाय, चिठ्ठी टाकून. आणि मोजायचं काय, तर निसटलेली फ्रॅक्चर, उगाच घातलेले स्लॅब, परत बोलावलेले पेशंट. कोणत्या गटात कुणाचा मनगटाचा वाक राहिला ते सहा महिन्यांनी. इंग्लंडच्या नाइस या संस्थेनेही जानेवारी २०२५ मध्ये अशा चार सॉफ्टवेअरना वापरायची मुभा देताना ती अशीच अटीवर दिली: पुरावा गोळा करत करत वापरा, आणि फिल्म माणसाने बघायचीच.

यावरून आठवलं, आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन. तो ‘एआय रोबॉट’वाला सर्जन तिला फार आवडलाय, आणि तू फोनवर ‘बघू’ म्हणालीस, मला कळलं तुझं काय चाललंय ते. तर तिथेही हाच प्रश्न विचार, मोजलं काय? रोबॉटने कोन जास्त अचूक येतो, यावर फारसा वाद नाही. पण आईला कोन नकोय, तिला जिना चढायचाय. सोलमध्ये चौदाशेच्या आसपास रुग्णांना चिठ्ठ्या टाकून रोबॉट आणि साधी शस्त्रक्रिया अशी विभागणी केली, दहा वर्षांहून जास्त पाठपुरावा केला. स्कोअरमध्ये, सांधा टिकण्यात फरक नाही. लेखकांनी स्वतःच लिहिलं, वेळ आणि खर्च बघता सरसकट वापराची शिफारस करवत नाही. तो रोबॉट जुन्या पिढीतला, रोबोडॉक. आजचे वेगळे आहेत हे मान्य. आजच्यावर इंग्लंडमध्ये रेसर नावाची चाचणी आखली ती मात्र मला फार आवडते. पेशंटला कळू नये म्हणून साध्या गटातल्यांनाही पिनांच्या जागी बारीकसे छेद देतात, ऑपरेशनची नोंदसुद्धा झाकलेली ठेवतात. आणि वर्षाने मोजतात काय? दिवसभरात पेशंटला आपल्या गुडघ्याची आठवण किती वेळा येते ते. आईसाठी हाच प्रश्न बरोबर आहे. सर्जनला विचार की तुमच्या हातून रोबॉटशिवाय किती झालेत आणि रोबॉटवर किती. आणि बिल नीट बघ. इम्प्लांटच्या किमतीला ऑगस्ट २०१७ पासून सरकारी मर्यादा आहे, रोबॉटची रक्कम वेगळ्या ओळीत येते. त्या रोबॉटमध्ये एआय नेमकं काय करतं, हेही जाता जाता विचार. सीटीवरून आराखडा आणि आखलेल्या हद्दीबाहेर करवत जाऊ न देणं, एवढंच उत्तर आलं तर तेही चांगलंच आहे, पण मग भिंतीवरच्या पोस्टरवर ‘एआय’ एवढ्या मोठ्या अक्षरात कशाला?

परत तुझ्या कामाकडे. फिल्म्स बाहेर जाणार, क्लाउडवर. एक्स-रेच्या कोपऱ्यात पेशंटचं नाव छापलेलं असतं, फाइलच्या आत वय, नोंदणी क्रमांक, तारीख. ‘अनॉनिमाइज करतो’ म्हणाले तर करून दाखवायला सांग, आणि ते काम हॉस्पिटलच्या आत व्हायला हवं, त्यांच्या सर्व्हरवर पोचल्यावर नाही. २०२३ चा डेटा संरक्षणाचा कायदा आहे, आयसीएमआरची आरोग्यातल्या एआयसाठीची २०२३ ची नैतिक मार्गदर्शक तत्त्वं आहेत. दोन्ही वाचून ठेव, कमिटीत कुणीतरी विचारणारच. आमच्याकडे कमिटीतले सामान्य सदस्य, म्हणजे डॉक्टर नसलेले, नेमका हा प्रश्न काढतात: पेशंटला सांगणार का की तुमची फिल्म संगणकानेही बघितली, आणि तुमची फिल्म वापरून कंपनी पुढचं सॉफ्टवेअर शिकवणार आहे? दोन गोष्टी वेगळ्या आहेत. संमतिपत्रात त्यांच्या दोन वेगळ्या ओळी आणि दोन वेगळ्या सह्या हव्यात. आणि मराठी अशी हवी की माडियाभाषक बाईच्या मुलाने वाचून आईला समजावून सांगता यावं. गूगलने केलेलं भाषांतर आणलंस तर मी तुला बहीण मानणार नाही.

सीटीआरआय या चाचण्यांच्या नोंदवहीत नोंदणी पहिला पेशंट घेण्याआधी कर, नंतर नाही. कोणता निकाल मुख्य म्हणून मोजणार ते तिथे आधीच लिहून टाकलं की नंतर कंपनीला ‘मॅडम, त्यापेक्षा हा आकडा छान दिसतोय’ म्हणता येत नाही. निकाल वाईट आले तरी छापायचा हक्क तुझा, हे करारात शब्दशः हवं. डेटाची प्रत तुझ्याकडे राहील, हे हवं. विश्लेषण त्यांच्या स्टॅटिस्टिशियनने करायचं असेल तर आपला एक माणूस समांतर बसेल, हे हवं. नागपूरला माझ्या ओळखीच्या एक बाई आहेत, फी माफक घेतात आणि कुणाला भीत नाहीत. कंपनी देऊ करतेय ते व्हिएन्नाच्या कॉन्फरन्सचं तिकीट मात्र नाकार. उपकरण-कंपन्यांसाठी विक्रीची आचारसंहिता केंद्राने २०२४ मध्ये काढली आहे, ती तर आहेच. पण ती नसती तरी नाकार. तिकीट घेतलेल्या माणसाला नंतर ‘यंत्र चुकलं’ हे वाक्य लिहिणं जड जातं, मी भल्याभल्यांना अडखळताना बघितलंय.

आणि चूक झालीच, यंत्राने मोडलेला खुबा ‘नॉर्मल’ दाखवला आणि पेशंटला घरी पाठवलं, तर? रिपोर्टखाली सही डॉक्टरचीच असते. कंपनीचं वापर-मार्गदर्शक उघड, ‘अंतिम निर्णय वैद्यकीय व्यावसायिकाचा’ हे वाक्य तिथे असणारच. अशा घटना नुसत्या कंपनीला कळवून भागत नाही. गाझियाबादच्या फार्माकोपिया कमिशनमार्फत २०१५ पासून मटेरिओव्हिजिलन्सचा कार्यक्रम चालतो, तिथे कळवायचं. सॉफ्टवेअरच्या चुका तिथे कळवायचं लोकांना सुचतच नाही. तुझ्या विभागात त्याचा फॉर्म छापून ठेव आणि रात्रीच्या रेसिडेंटला भरायला शिकव. एएसआरच्या वेळी नोंदवही असलेल्या देशाला आधी कळलं, हे त्याला सांग, म्हणजे कंटाळा करणार नाही.

ट्रस्टींना काय सांगायचं म्हणून घाबरू नकोस. ‘नको’ म्हणायचंच नाही. ‘घेऊ, पण आधी मुक्याने चालवू, तोवर कंपनीने पैसे घेऊ नयेत’ एवढं म्हण. कंपनी तयार झाली तर तिचा आपल्या मालावर विश्वास आहे असं समज. तयार नाही झाली तर तेही लवकर कळलेलं बरं.

करार आणि अभ्यासाचा सिनॉप्सिस मला रविवारपर्यंत पाठव, वर्डमध्ये पाठव, पीडीएफ नको, मला त्यातच खाडाखोड करायची आहे. तुलना कशाशी ती ओळ आणि ‘नियामक कामासाठी’ ती ओळ मी लाल करून ठेवते. आवृत्ती क्रमांक आणि परवान्याची प्रत कंपनीकडून तू मागवून घे. आणि रेडिओलॉजिस्ट सरांना यात आधीच घे, नागपूरहून पुढच्या वेळी येतील तेव्हा जेवायला थांबव. त्यांना वगळून हे झालं तर पुढची दहा वर्षं तुझ्या एमआरआयचे रिपोर्ट उशिरा येतील.